आधी शस्त्रं, मग मतपेट्या

युद्ध थांबलं की लगेच निवडणूक घ्यावी म्हणजे शांतता आपोआप रुजते, असा सूर एका लेखात वाचला, तो काही पटला नाही. आफ्रिकेतल्या अंगोलात यादवी युद्धानंतर 1992 साली नेमकं तेच केलं. सरकार आणि बंडखोर, दोन्ही बाजूंच्या फौजा पुरत्या मोडल्या नव्हत्या, तरी मतदान उरकलं. पहिल्या फेरीत मागे पडलेल्या बंडखोर नेते साविंबींनी निकाल धुडकावला आणि त्यांची संघटना युनिटा पुन्हा रणात उतरली. ते युद्ध थेट 2002 मध्ये, साविंबी मारले गेल्यावरच थांबलं. शेजारच्या नव्हे, पण त्याच पोर्तुगीज राजवटीतून सुटलेल्या आणि यादवीतूनच बाहेर पडणाऱ्या मोझांबिकने धडा घेतला. तिथली निवडणूक लांबणीवर टाकून 1994 च्या ऑक्टोबरात घेतली, कारण आधी सैनिकांना छावण्यांत आणून बंदुका जमा करायच्या होत्या. घरी परतणाऱ्या सैनिकाला दोन वर्षं हप्त्याहप्त्याने पैसे मिळत राहिले. खर्चिक काम, पण बेकार बंदूकधारी त्याहून महाग पडतो. 2003 मध्ये इराकचं सैन्य एका आदेशाने बरखास्त करणाऱ्या अमेरिकनांना हे कुणी सांगितलं नव्हतं बहुधा! अर्थात मोझांबिकही पूर्ण सुटलं नाही. रेनामो या तिथल्या बंडखोर संघटनेने काही हत्यारी माणसं राखून ठेवली होती, आणि 2013 मध्ये पुन्हा चकमकी झडल्याच.