‘आउट’ म्हणजे नेमकं कुठे? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट होती, पण मुद्द्याची होती, म्हणून जरा सविस्तर लिहितेय. (कमांड इथे नेहमीप्रमाणे देवनागरीत, टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन.)

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: प्रोटोकॉल बफर्सच्या कंपायलरला, म्हणजे प्रोटॉकला (.प्रोटो फाइलीत लिहिलेल्या डेटाच्या साच्यातून गो, जावा अशा भाषांमधला कोड बनवणाऱ्या हत्याराला), मी लेखात उगाच नावं ठेवली. आउटच्या फ्लॅगला (बनलेल्या फाइली कुठे ठेवायच्या ते सांगणाऱ्या ‘--गो_आउट’सारख्या पर्यायाला) फोल्डर द्यायचं असतं, हे त्याच्या हेल्पमध्ये स्वच्छ लिहिलेलं आहे. आणि ‘सोर्स_रिलेटिव्ह’बद्दल मी चुकीचं सांगितलं.

शेवटचं आधी मान्य करते. ‘पाथ्स=सोर्स_रिलेटिव्ह’ दिलं की फाइल .प्रोटोच्या शेजारीच येते, असं मी लिहिलं होतं. तसं कायम होत नाही. ‘-आय’ने दिलेल्या (म्हणजे .प्रोटो जिथे शोधायच्या त्या) फोल्डरपासून .प्रोटोपर्यंतची जी वाट असते, तीच आउटच्या फोल्डरात उमटते. ‘-आय .’ आणि ‘--गो_आउट=जेन’ असेल तर ‘एपीआय/व्ही१/ऑर्डर.प्रोटो’ची फाइल ‘जेन/एपीआय/व्ही१’मध्ये जाते, ‘-आय एपीआय’ केलंत तर ‘जेन/व्ही१’मध्ये. लेखात दुरुस्ती केलीय. आभार.

फाइलचं नाव का देता येत नाही, यावरही आपलं भांडण नाही. प्रोटॉक गोचा कोड स्वतः लिहीतच नाही. तो ‘प्रोटॉक-जेन-गो’ या प्लगइनला स्टँडर्ड इनपुटवर .प्रोटोचं वर्णन पाठवतो, आणि प्लगइन फाइलींची नावं आणि मजकूर दोन्ही परत देतं. जावात ‘जावा_मल्टिपल_फाइल्स’ चालू असेल तर एका .प्रोटोतून ढीगभर फाइली निघतात. नाव द्यायचं तरी कुठल्या फाइलला?

पण मग ‘-ओ’चं काय? जीसीसीवर, म्हणजे ‘-ओ’ने आउटपुट फाइलचं नाव घेणाऱ्या सी कंपायलरवर, वाढलेल्या माणसाची बोटं आपोआप ‘-ओ ऑर्डर.पीबी.गो’ टाइप करतात. माझ्याही बोटांनी केलं. प्रोटॉक हूं की चूं न करता संपला, त्या नावाची फाइलही दिसली, मी खूश! गोच्या कंपायलरनं मात्र ती तोंडात घेतली नाही. उघडून पाहिलं तर आत बायनरी. मधूनच ‘ऑर्डर’ आणि फील्डची नावं डोकावतायत. कारण ‘-ओ’ हे ‘--डिस्क्रिप्टर_सेट_आउट’चं (.प्रोटोचं बायनरी वर्णन फाइलीत लिहिणाऱ्या फ्लॅगचं) लघुरूप आहे. त्याला फोल्डर नाही, फाइल लागते आणि तो कोड देतच नाही. हेल्पमध्ये हे लिहिलंय, कबूल. पण एकाच हत्यारात ‘आउट’ कधी फोल्डर, कधी फाइल (आणि जावात शेवटी .जार लावलं तर चक्क जार!) असेल, तर अर्धा तास वाया गेलेल्या माणसाला ‘वाचता येत नाही का’ म्हणणं मला पटत नाही.

फोल्डरचीही एक गंमत आहे. ‘जेन’ आधीपासून नसेल तर प्रोटॉक अडून बसतो, असं फोल्डरच नाही म्हणतो. ते हातानं बनवून दिलं आणि सोर्स_रिलेटिव्ह विसरलात, की ‘गो_पॅकेज’मध्ये (गोचं पॅकेज कुठलं ते सांगणाऱ्या .प्रोटोतल्या ओळीत) लिहिलेला अख्खा इंपोर्ट पाथ, डोमेनसकट, त्याच्या आत एकात एक फोल्डर करून उभा करतो. चार पातळ्या स्वतः खणणाऱ्याला पहिली का जमू नये? माझ्या मेकफाइलमध्ये म्हणून पहिली ओळ ‘एमकेडिर -पी जेन’ असते. तसा प्रोटॉक प्रामाणिक आहे म्हणा. .प्रोटो ‘-आय’च्या बाहेर पडली, की अॅबसोल्यूट आणि रिलेटिव्ह पाथ एकच आहेत हे ओळखायला आपण ‘टू डम्ब’ आहोत, असं तो एररमध्येच सांगून टाकतो.

आता तुमची ‘एका ओळीत काम होतं’ म्हणून दिलेली कमांड: ‘प्रोटॉक --गो_आउट=. --गो_ऑप्ट=पाथ्स=सोर्स_रिलेटिव्ह --गो-जीआरपीसी_आउट=. ऑर्डर.प्रोटो’. जीआरपीसीचं (दुसऱ्या मशीनवरची फंक्शनं बोलावण्याच्या व्यवस्थेचं) प्लगइन वेगळं आहे, त्याचे ऑप्शनही वेगळे. गोला दिलेला ऑप्ट त्याच्या कानावरही जात नाही. ‘--गो-जीआरपीसी_ऑप्ट’ राहिलाय. गो_पॅकेजमध्ये पूर्ण इंपोर्ट पाथ ठेवून चालवून बघा. ‘ऑर्डर.पीबी.गो’ समोरच दिसेल. ‘ऑर्डर_जीआरपीसी.पीबी.गो’ सापडली की कुठे सापडली ते कळवा.