मोबदला उचलला, पण सही कशावर केली?

तापीवरचं बॅरेज असो, पाडळसऱ्याचं धरण असो की धुळे-जळगाव चौपदरी, सरकारने संपादित केलेल्या जमिनीच्या मोबदल्याचा विषय निघाला की पारावर एकच वाक्य ऐकू येतं: "पैसा लिधा, आते काय व्हई?" (पैसे घेतले, आता काय होणार?) हे वाक्य निम्मं खोटं आहे, आणि त्या निम्म्या खोट्यापायी लोक हक्काच्या पैशावर पाणी सोडतात.

आधी फाइल काढा आणि सही कशावर केली ते बघा. दुय्यम निबंधकाकडे जाऊन सरळ खरेदी दिली असेल, वर २५ टक्के वाढीव घेतले असतील, तर तिथे निवाडाच (मोबदला ठरवणारा सरकारी आदेश) नाही; वाढीव मोबदल्याचा अर्ज करणार कशाविरुद्ध? करारनामा देऊन संमती निवाडा झाला असेल तरीही दार बंदच. कर्नाटकातल्या संगप्पा बिरादार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ते स्पष्ट केलंय.

पण आपल्याकडे बऱ्याच जणांचा साधा निवाडा झालेला असतो आणि ते स्वतःला उगाच 'संमतीवाले' समजून बसतात.

साध्या निवाड्यात मेख वेगळी आहे. १८९४ च्या जुन्या भूसंपादन कायद्याचं कलम ३१ आणि २०१३ च्या नव्या कायद्याचं कलम ७७ सांगतं की निषेध न नोंदवता रक्कम घेतली, तर वाढीव मोबदल्याचा अर्ज (जुन्यात कलम १८, नव्यात ६४) करता येत नाही. म्हणून व्हाउचरवर सहीच्या वर स्वतःच्या हाताने लिहायचं: "रक्कम अपुरी असल्याने निषेध नोंदवून, हक्क राखून स्वीकारली." खाली नको, मागच्या पानावर नको, सहीच्या वर. लगेच मोबाइलवर फोटो काढा. पैसे थेट खात्यात येणार असतील तर पासबुकाची झेरॉक्स देतानाच असं पत्र जोडा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, शिक्का, तारीख घ्या. टेबलावरचा माणूस म्हणेल, "असं लिहिलं तर पेमेंट अडकेल." निषेधासह रक्कम घ्यायची मुभा कायद्यातच आहे, एवढंच त्याला शांतपणे सांगा.

लिहायचं राहिलं, पण मुदतीत वाढीव मोबदल्याचा अर्ज दिला, तर तो अर्ज हाच निषेध, असं अजितसिंग प्रकरणात (१९९४) सर्वोच्च न्यायालयाने मानलंय. मुदत अशी: निवाड्याला हजर होतात तर ६ आठवडे, नव्हतात तर नोटीस मिळाल्यापासून ६ आठवडे किंवा निवाड्यापासून ६ महिने, यातलं जे आधी संपेल ते. नव्या कायद्यात सबळ कारण दाखवलं तर जिल्हाधिकारी पुढच्या एका वर्षापर्यंत अर्ज घेऊ शकतात.

आणि ज्यांनी निषेधही केला नाही, अर्जही केला नाही? त्यांच्यासाठीच जुन्या कायद्यात कलम २८-अ आहे, नव्यात ७३. त्याच अधिसूचनेतल्या (संपादनाच्या त्याच सरकारी जाहीर सूचनेतल्या) शेजाऱ्याला कोर्टाने, नव्या कायद्यात प्राधिकरणाने, वाढवून दिलं, तर तोच दर तुम्हीही मागू शकता. रक्कम निषेधासह घेतली की निषेधाशिवाय, याला इथे काही महत्त्व नाही, हे हंसोली देवी प्रकरणात २००२ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं. वकिलाने नकारार्थी मान हलवली तर हे नाव पुढे ठेवा.

अर्ज बाद होतात ते दोन ठिकाणी. एक, अधिसूचना. बांधाला बांध असूनही शेजाऱ्याचा गट दुसऱ्या अधिसूचनेत असू शकतो. कालवा आणि बुडीत क्षेत्र यांचं संपादन बऱ्याचदा वेगवेगळं झालेलं असतं. गाव एक आहे यावर जाऊ नका, निवाड्याच्या पहिल्या पानावरचा क्रमांक आणि तारीख जुळवा. दुसरं ठिकाण, मुदतीचे तीन महिने. ते कोर्टाच्या निकालापासून मोजतात, तुम्हाला कळल्यापासून नाही. फक्त निकालाचा दिवस आणि नक्कल मिळण्यात गेलेले दिवस वजा होतात. म्हणून नकलेवरच्या दोन्ही तारखा, अर्ज केल्याची आणि नक्कल तयार झाल्याची, जपून ठेवा. सोबत सातबारा, निवाड्याची नक्कल, वारस असाल तर फेरफार. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे, दिला जातो भूसंपादन शाखेत. इथे ठरलेला आकडाही पटला नाही, तर प्रकरण पुढे कोर्टाकडे पाठवायला सांगता येतं.

राष्ट्रीय महामार्गात गेलेल्या जमिनीची वाट निराळी: १९५६ च्या राष्ट्रीय महामार्ग कायद्याचं कलम ३-जी(५), म्हणजे लवाद. तिथे हे 'निषेधाचं' कलम नाही. लवादाच्या निर्णयाविरुद्ध जिल्हा न्यायालयात तीन महिने, फार तर वर ३० दिवस. एकतिसाव्या दिवशी कोणी ऐकत नाही.

आता माझं मत. वाढीव २५ टक्के समजून-उमजून घेतले त्याने पुन्हा दार ठोठावू नये, हे एकवेळ पटतं. सरकारलाही कधीतरी हिशोब मिटवायचा असतो. पण व्हाउचरवर चार शब्द लिहिले नाहीत म्हणून हक्क जावा, हे कुठलं शास्त्र? ज्याच्या विहिरीची नोंद इतर हक्कात लागली नाही आणि केळीची बाग निवाड्यात जिरायत धरली गेली, त्याला 'निषेध' हा शब्द कोण सांगणार? हा मजकूर व्हाउचरवर छापून, समोर चौकोन ठेवा आणि खूण करायला सांगा. सरकारला त्यासाठी खर्च शाईचा. आणि शेजाऱ्याचा निकाल लागला की त्या अधिसूचनेतल्या सगळ्या खातेदारांना तलाठ्यामार्फत नोटीस द्या. तीन महिने तिथून मोजा. आज तो निकाल चावडीवर लागत नाही, अन् गावात कळतो तेव्हा कापूस वेचून झालेला असतो.