खुलासा : अंडं उकडल्याने प्रथिन ‘मरत’ नाही

‘अंडं उकडलं की प्रथिन मरतं, व्यायाम करणाऱ्यांनी ते कच्चंच प्यावं’ असा मेसेज फिरतोय. हे साफ चूक आहे. उष्णतेने प्रथिनाच्या साखळीची घडी फक्त उलगडते, उलगडलेल्या साखळ्या एकमेकींत गुंततात, म्हणून पांढरा भाग घट्ट होतो. साखळीचे मणी म्हणजे अमिनो आम्लं; त्यांना जोडणारे पेप्टाइड बंध मात्र शाबूत राहतात. उलट, मोकळी झालेली साखळी पाचकरसांना कापायला सोपी. बेल्जियममधल्या १९९८च्या अभ्यासात शिजवलेल्या अंड्यातलं सुमारे ९१ टक्के प्रथिन पचलं, कच्च्यातलं जेमतेम ५१. (अभ्यास लहान होता, फरक मोठा.) शिवाय कच्च्या पांढऱ्यातलं अ‍ॅव्हिडिन नावाचं प्रथिन बायोटिन हे ब गटातलं जीवनसत्त्व अडवून ठेवतं. साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूचा धोका वेगळाच; गरोदर बायकांना, लहान मुलांना कच्चं अंडं कृपया देऊ नका.