‘मोठा झूम मागितला, छोटा गळ्यात मारला’: एका अभिप्रायाला दुकानमालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचा अभिप्राय वाचला. वर्षभर परदेशात राहायचं म्हणून तुम्ही आमच्याकडून कॅमकॉर्डर घेतलात आणि आता तिथून एक तारा देऊन लिहिलंत: मोठ्या झूमचा मागितला होता, दुकानदाराने छोट्या झूमचा गळ्यात मारला, रात्रीचं चित्र फोनपेक्षा वाईट येतं, घरातल्या दिव्यांखाली चित्रात पट्टे सरकतात, कार्ड तीन तासांच्या आत भरतं, त्यापेक्षा फोन पुरला असता. यातलं काही खरं आहे, काही तुम्हाला तिथल्या तिथे सोडवता येईल. झूमबद्दल मात्र तुम्ही आज पुन्हा विचारलंत तरी मी हाच कॅमेरा पुढे करेन.

तुम्ही ज्या मॉडेलवर बोट ठेवलं होतं, त्याच्या खोक्यावरचा मोठा आकडा डिजिटल झूमचा होता. ऑप्टिकल झूममध्ये भिंगं सरकतात आणि दृश्य खरोखर मोठं होऊन सेन्सरवर, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपवर पडतं. डिजिटल झूममध्ये चित्राचा मधला तुकडा कापून ताणला जातो, त्यात नवा तपशील एक कणही येत नाही. तुमच्या कॅमेऱ्याचा २० पट झूम पूर्ण ऑप्टिकल आहे. तेवढ्यावरसुद्धा हातात धरून चित्रण करताना श्वासाबरोबर चित्र हलतं, म्हणून भिंगातच स्थिरीकरण असलेला कॅमेरा मी पुढे केला.

आणि काय चित्रित करायचंय हे तुम्हीच सांगितलं होतं: राहतं घर, शेजार, मुलांचा शाळेचा रस्ता, आणि हे सगळं आईला दाखवायचं. यातलं बरंचसं चार भिंतींच्या आतलं आहे. तिथे लांबचं जवळ आणण्यापेक्षा जवळचं सगळं चौकटीत मावणं महत्त्वाचं. भिंतीला पाठ टेकूनही टेबलाभोवतीची चार माणसं एकत्र दिसत नसतील, तर मोठ्या झूमचा काय उपयोग? तुमच्या कॅमेऱ्याचं भिंग झूम न करता मोठ्या झूमवाल्या मॉडेलपेक्षा रुंद दृश्य घेतं. ‘छोट्या झूम’च्या बदल्यात तुम्हाला हे मिळालं.

वजनाचाही विचार होता. १९८९ साली सोनीने सीसीडी-टीआर५५ हा हँडीकॅम आणला, तेव्हा त्याची जाहिरात ‘पासपोर्टच्या आकाराचा’ म्हणून केली होती. बॅटरी आणि कॅसेट सोडून त्याचं वजन साधारण ७९० ग्रॅम होतं. त्याआधीचे कॅमेरे खांद्यावर वागवणाऱ्यांना ते नवल वाटलं. तेव्हापासून आजवर प्रवाशाची गरज बदललेली नाही. जड कॅमेरा पहिल्या आठवड्यानंतर कपाटात जातो, हे मी या धंद्यात फार पाहिलंय.

रात्रीच्या चित्राबद्दल तुमचं निरीक्षण बरोबर आहे. घरगुती कॅमकॉर्डरचा सेन्सर लहान असतो. चांगल्या फोनचा मुख्य सेन्सर बऱ्याचदा त्याहून मोठा असतो आणि त्याचं भिंगही जास्त प्रकाश घेतं. पण अंधारात झूम लांबवू नका. तुमचं भिंग रुंद बाजूला, म्हणजे झूम न करता, एफ २ आहे, पूर्ण झूमवर एफ ३.८ (हा आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी). म्हणजे झूम लांबवला की प्रकाश जवळजवळ चौथ्या हिश्श्यावर येतो. दोन पावलं पुढे जाऊन रुंद बाजूने चित्रण केलंत तर फरक लगेच दिसेल. रात्रीच्या रस्त्यावर फोन काढलात तरी मला वाईट वाटणार नाही.

सरकत्या पट्ट्यांचं कारण तिथल्या विजेत आहे. वीज ५० हर्ट्झची असेल तर दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात-मंदावतात, ६० हर्ट्झची असेल तर १२० वेळा. कॅमेऱ्याचं शटर या तालाशी जुळलं नाही की पट्टे दिसतात. ५० हर्ट्झच्या देशात शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवा, ६० हर्ट्झच्या देशात १/६० किंवा १/१२०. आपल्याकडची वीज ५० ची आणि अमेरिकेतली ६० ची, त्यामुळे तिकडे जाणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. जपानमध्ये तर एकाच देशात दोन्ही आहेत, टोकियोकडे ५० आणि ओसाकाकडे ६०. मेनूमध्ये शटर ‘ऑटो’वरून काढून हाताने लावा.

कार्डाचा हिशेब सरळ आहे. तुम्ही फोर-केमध्ये सेकंदाला १०० मेगाबिटच्या सर्वांत वरच्या दर्जावर चित्रण करताय. त्यात सेकंदाला साडेबारा एमबी, म्हणजे तासाला ४५ जीबी लागतात. १२८ जीबीचं कार्ड पावणेतीन तासांच्या आसपास भरणारच. रोजच्या घरगुती चित्रणाला फुल एचडी, ५० मेगाबिट ठेवा, तेच कार्ड दुप्पट चालेल. फोर-के निसर्गदृश्यांसाठी राखा. आणि कार्ड पुसण्याआधी चित्रण दोन वेगळ्या ठिकाणी उतरवून घ्या. तुमच्या वर्षाची दुसरी प्रत कुठलंही दुकान देऊ शकत नाही.

आता फोन. परक्या शहरात नकाशा, तिकीट, पैसे, भाषांतर सगळं त्याच फोनवर. उन्हात सलग चित्रण केलं की तो तापतो, बॅटरी उतरते, आणि ती बदलता येत नाही. कॅमकॉर्डरची बॅटरी दहा सेकंदांत बदलता येते. (जादा बॅटऱ्या परत येतानाही हातातल्या सामानातच ठेवा, चेक-इन बॅगेत चालत नाहीत.) शिवाय आवाज. तुमच्या कॅमेऱ्याला बाहेरचा माइक जोडायची खाच आहे. ती असलेलाच कॅमेरा घ्या, असा आग्रह मी धरला होता, कारण चित्र थोडं दाणेदार असलं तरी माणसं बघतात, पण वाऱ्याच्या घरघरीत मुलांचं बोलणं हरवलं तर आई ते चित्रण दोन मिनिटांत बंद करेल. माइकवर केसाळ वारारोधक चढवा, छोटाच असतो.

शटर बदलून त्याच खोलीत एक मिनिटाचं चित्रण करा आणि आम्हाला पाठवा. तिथल्या विजेसाठी सांगितलेल्या शटरच्या दोन्ही वेगांवर पट्टे राहिले तर तिथला एलईडी दिवाच निकृष्ट आहे. दुसऱ्या दिव्याखाली करून बघा. एवढं करूनही मोठ्या झूमचाच कॅमेरा हवा असेल, तर परतल्यावर हा घेऊन या. दोन्हीवर एकाच खोलीत चित्रण करून शेजारी शेजारी पाहू, मग बदलायचा की नाही ते तुम्ही ठरवा, मी बदलून देईन.