नंबर न देणारा समुपदेशक परका नसतो

गेल्या महिन्यात एकच मजकूर मला तीन ग्रुपांवर आला. एक ग्रुप बचत गटाचा, एक नात्यातला आणि तिसरा शिक्षकांचा. मजकूर थोडक्यात असा: जो समुपदेशक पैसे घेतो, घड्याळ बघतो, स्वतःचा नंबर देत नाही, घरी बोलावलं तर येत नाही, तो आपला नव्हेच. त्याच्याबद्दल प्रेम वाटलं तर ते खरं प्रेम असतं; ‘ट्रान्सफरन्स’ (जुन्या नात्यांतल्या भावना उपचार करणाऱ्यावर येऊन बसणं) हा नुसता हात झटकायचा शब्द. दोघं सज्ञान असतील तर तिसऱ्यानं बोलू नये. आणि हे नियम परदेशी, आपल्या मराठवाड्यातल्या घरोब्यात ते बसत नाहीत.

मी लातुरात ११ वर्षं समुपदेशन करते. हा मजकूर वाचून माझ्याकडे येणारी एकजण विचारती झाली, “म्हणजे तुम्ही मला परकीच समजता ना?” त्या प्रश्नानं झोप उडाली, म्हणून हे लिहितेय.

पैशाचं आधी, कारण ते लवकर आटपतं. १९०४ साली झुरिकच्या मनोरुग्णालयात साबिना श्पिलराइन नावाची तरुणी दाखल झाली. तिच्यावर उपचार करणारे डॉक्टर कार्ल युंग पुढे तिच्यात गुंतले. बोभाटा तिच्या आईपर्यंत गेला, तेव्हा युंगनी आईला लिहिलं की मी फी घेत नव्हतो, म्हणून डॉक्टरची भूमिका सोडणं मला सोपं गेलं. बंधन पाळायला हवं असेल तर फी ठरवा, असंही सुचवलं. फी कशासाठी असते ते यावरून कळतं. फी दिली की तुम्ही माझ्या उपकारात राहत नाही, मला खूश ठेवायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही. ज्यांना ती परवडत नाही त्यांच्यासाठी सरकारच्या टेली मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे.

आता प्रेमाचं. ट्रान्सफरन्स म्हणजे खोटं प्रेम, असं कुणा समुपदेशकानं सांगितलं असेल तर ते चूकच. मनोविश्लेषणाचा पाया घालणाऱ्या सिग्मंड फ्रॉइडनं १९१५ साली याच विषयावर निबंध लिहिला. हे प्रेम खरं नाही असं म्हणायचा आपल्याला अधिकार नाही, हे त्यानं त्यात मान्य केलंय. मात्र ते उपचाराच्या परिस्थितीतून उगवतं, आणि डॉक्टरनं ते स्वतःच्या रूपागुणाचं यश समजू नये, हेही बजावलंय. ते दाबायचं नाही आणि पुरवायचंही नाही. ते आलं कुठून, हे दोघांनी मिळून बघायचं.

साध्या भाषेत सांगते. माय, बाप, नवरा, थोरला भाऊ यांच्याशी जे बोलायचं राहून गेलं, मागायचं राहून गेलं, ते समोर बसलेल्या माणसावर येऊन बसतं. कधी प्रेम म्हणून, कधी राग म्हणून, कधी भीती म्हणून. आठवड्यातून एकदा कुणीतरी मन लावून ऐकतं, मधे तोंड घालत नाही, स्वतःचं रडगाणं लावत नाही. आयुष्यात आधी कुणी असं ऐकलेलंच नसतं. जीव जडणारच, त्यात लाज वाटावी असं काही नाही.

“दोघं सज्ञान आहेत” या वाक्याचा मला सगळ्यात जास्त राग येतो. माझ्या खोलीत दोन सज्ञान माणसं बसतात हे खरं, पण त्यातल्या एकीचं सगळं दुसरीला माहीत असतं. ती कशानं कोसळते, कुणी ‘तू एकटी नाहीस’ म्हटलं की विरघळते, हे मला ठाऊक आहे. माझं तिला काहीच ठाऊक नाही. अशा ठिकाणी तिच्या ‘हो’चा फायदा घेणं म्हणजे किल्ली सांभाळायला दिलेल्यानंच घर फोडणं. कायद्यालाही हे कळतं. भारतीय न्याय संहितेचं कलम ६८ सांगतं की अधिकाराच्या किंवा विश्वासाच्या नात्याचा गैरवापर करून आपल्या ताब्यातल्या वा देखरेखीखालच्या स्त्रीला शरीरसंबंधासाठी फूस लावली, तर तो बलात्कार ठरत नसला तरी गुन्हा आहे. शिक्षा ५ ते १० वर्षं. “मग उपचार संपवून लग्न करावं” असंही त्या मजकुराखाली कुणी लिहिलं होतं. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची संहिता उपचार संपल्यावरही किमान २ वर्षं शरीरसंबंधांना मनाई करते, आणि त्यानंतरही अगदी अपवाद म्हणूनच वाट ठेवते. तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं तर माजी रुग्णाच्या बाबतीतही दार कायमचं लावून घेतलंय.

ओढ एकाच बाजूनं असते असंही नाही. समुपदेशकाच्या मनात जे उठतं त्याला ‘काउंटरट्रान्सफरन्स’ म्हणतात, आणि हा शब्द फ्रॉइडनं १९०९ मध्ये युंगना पत्रात लिहिला तो याच श्पिलराइन प्रकरणावरून. माझ्याकडे एक म्हातारे शेतकरी यायचे. बोलताना धोतराचा सोगा बोटाला गुंडाळायचे, हुबेहूब माझे वडील. त्यांची वेळ मी दरवेळी वीस-वीस मिनिटं वाढवत होते, त्यांना अवघड प्रश्न विचारायचं टाळत होते, आणि हे तीन महिने माझ्या ध्यानातही आलं नाही. ज्येष्ठ सहकाऱ्यांपुढे केस मांडली तेव्हा त्यांनी ते दाखवून दिलं. घड्याळ लागतं ते यासाठी.

राहिला घरोबा. नियम परदेशी म्हणणाऱ्यांनी आपल्या आयुर्वेदाच्या चरकसंहितेतला विमानस्थान हा भाग उघडावा. वैद्य होऊ पाहणाऱ्या शिष्याला तिथं बजावलंय की रुग्णाच्या घरात शिरल्यावर मन, वाणी, इंद्रियं रुग्णाच्या भल्याशिवाय कशातही गुंतवू नकोस, आणि त्या घरातलं बाहेर नेऊ नकोस.

तरी मराठवाड्यात हे अवघड जातं, ते मी नाकारत नाही. मार्गशीर्षातल्या अमावास्येला, म्हणजे येळवशीला, अर्धं लातूर पूजेला आणि पंगतीला शेतात असतं. एका वर्षी माझ्याकडे येणाऱ्या ताईंनी (ओळख पटेल असं सगळं बदललंय) बोलावलं, “मॅडम, या की. कोप घातलाय, आंबील-भज्जी हाय. तुमच्या नावाचं उंडं करते.” त्यांची आई लहानपणीच वारलेली, वाढल्या मावशीकडे. मी नाही म्हटलं. गेले असते तर कडब्याच्या त्या कोपीजवळ बसलेल्या जावांनी विचारलं असतं, ह्या कोण? मग ताईंना एक तर खोटं बोलावं लागलं असतं, नाहीतर गावाला कळलं असतं.

पुढच्या दोन आठवड्यांना त्या आल्याच नाहीत. तिसऱ्यांदा आल्या, पदर घट्ट धरून बसल्या आणि म्हणाल्या, “तुमी बी तशाच. माय बी अशीच गेली, सांगून नाय गेली.” मग तासभर त्या चिडून बोलत होत्या, माझ्यावर आणि हळूहळू आईवर. मेलेल्या माणसावर चिडायचं नसतं म्हणून तीस वर्षं गिळलेलं सगळं बाहेर आलं. मी शेतात पंगतीला बसले असते तर हा राग भज्जीखालीच राहिला असता. पुढल्या येळवशीनंतर त्यांनी तांब्याभर आंबील आणली. ती मी त्याच खोलीत त्यांच्यासमोर प्याले. नियम म्हणजे दगडाची भिंत नव्हे. दरवेळी एकच विचारायचं असतं, हे कुणाच्या गरजेसाठी चाललंय?

गंजगोलाईत, म्हणजे लातूरच्या बाजारपेठेत, क्लायंट दिसला तर मी आपणहून हाक मारत नाही. तुम्ही ‘नमस्कार मॅडम’ म्हणालात तरच मी ओळख दाखवते. पहिल्याच भेटीत हे सांगते, म्हणजे नंतर कुणाला तोडल्यासारखं वाटत नाही.

समुपदेशक रात्री-बेरात्री खासगी मेसेज टाकत असेल, स्वतःच्या संसारातली भांडणं तुम्हाला सांगत असेल, ‘हे आपल्यातच ठेव’ म्हणत असेल, तर चूक तुमची नाही, तुम्हाला त्याच्याबद्दल काहीही वाटत असलं तरी. मेसेज पुसू नका. मानसोपचारतज्ज्ञ असेल तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे आणि नोंदणीकृत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेकडे तक्रार करता येते. गुन्हा घडला असेल तर पोलिसांकडे. नुसतं ‘समुपदेशक’ अशी पाटी लावणारे बरेच जण यातल्या कुठल्याच नोंदवहीत नसतात, तेव्हा पहिल्या भेटीतच शिक्षण आणि नोंदणी विचारा. आणि ज्यानं चांगली साथ दिली त्याच्याबद्दल जीव जडला असेल, तर तेही पुढच्या भेटीत त्यालाच सांगा. नीट शिकलेला असेल तर तो दचकणार नाही, खुर्ची जवळही ओढणार नाही.