हाताची घडी, तोंडावर बोट

राष्ट्राध्यक्ष व्हायचा विचार आहे? छान. पण शेतकरी आणि कामगार दारात येऊन बसले की काय कराल? घाबरू नका. १८८० आणि ९०च्या दशकातल्या अमेरिकेत यावर उत्तम तोडगे निघाले होते, आणि आमचे आदर्श म्हणजे तिथले राष्ट्राध्यक्ष ग्रोव्हर क्लीव्हलँड. सरकारने हाताची घडी कशी घालावी, हे त्यांच्याकडून शिकावे.

पहिला धडा १८८७चा. टेक्सासात दुष्काळ पडला. शेतकऱ्यांना बियाण्यासाठी दहा हजार डॉलर द्यावेत, असे विधेयक संसदेने मंजूर केले. क्लीव्हलँडसाहेबांनी ते परत पाठवले. जनतेने सरकार पोसायचे, सरकारने जनतेला नव्हे! एकदा फुकट बियाणे दिले की माणसाचे शील बिघडते. आता कोणी खवचटपणे विचारेल, रेल्वे कंपन्यांना सुमारे १३ कोटी एकर सरकारी जमीन दिली तेव्हा त्यांचे शील बिघडले नाही का? सांगा, जावयाचा मानपान वेगळा आणि गड्याची उचल वेगळी.

शेतकरी भावाचे रडगाणे गाईलच. १८८१ साली बुशेलला (तिथले धान्याचे माप) डॉलरच्या वर असलेला गहू १८९४ला पन्नास सेंटांच्या आसपास आला. कर्जाचा आकडा मात्र तेवढाच. म्हणजे शंभर पोत्यांचे कर्ज फेडायला दोनशे पोती. डॉलर सोन्याला बांधलेला, सोने थोडे, माणसे आणि पिके वाढती; मग डॉलर महागणारच. पण हे तुम्ही मुळीच समजावू नका. ‘तुम्ही फार पिकवता’ एवढेच ऐकवा. दक्षिणेतला कापूसवाला तर दुकानदाराकडून उधारीवर पीठ-मीठ घेतो, तेही रोखीपेक्षा चढ्या भावाने, आणि उभे पीक तारण ठेवतो. आपल्याकडच्या सावकाराच्या वहीचा तो सख्खा मावसभाऊ. गोरा आणि काळा, दोघेही एकाच वहीत अडकलेले असतात. ते एका सभेत बसणार नाहीत, एवढी काळजी घ्या.

चलन वाढावे म्हणून चांदीचीही नाणी पाडा, अशी या शेतकऱ्यांची मागणी असते. तिला जून १८९३मध्ये आपल्या मुंबईच्या टांकसाळीनेही धक्का दिला, बरं का. हिंदुस्थान सरकारने लोकांची चांदी घेऊन रुपये पाडणे बंद केले, चांदी कोसळली आणि कोलोरॅडोतल्या खाणींना कुलपे लागली. सरकारी तिजोरीतले सोने आटले, तर १८९५प्रमाणे जे. पी. मॉर्गन यांच्याकडून सहा कोटी डॉलरांहून जास्त किमतीचे सोने रोख्यांवर घ्या. बँकवाल्यांसाठी घडी सोडली तर चालते.

कामगारांसाठीही सोडावी लागते, फक्त मूठ वळून. १८९४मध्ये शिकागोजवळ रेल्वेचे डबे बनवणाऱ्या पुलमन कंपनीने मजुरी सुमारे पाव हिश्शाने कापली आणि आपल्याच चाळींचे भाडे होते तसे ठेवले. संप झाला. रेल्वे कामगारांच्या युनियनने पुलमनचे डबे असलेल्या गाड्या चालवायला नकार दिला. अशा वेळी गाड्यांतले सरकारी टपाल अडल्याची बोंब ठोका. महान्यायवादी मात्र रेल्वेचे वकीलपत्र घेऊन मुरलेला हवा. रिचर्ड ओल्नी तसेच होते. शिकागो ज्या राज्यात येते त्या इलिनॉयचे गव्हर्नर ऑल्टगेल्ड ‘मी सैन्य मागितलेलेच नाही’ म्हणत राहिले तरी सैन्य पाठवा. त्याआधी, २८ जूनला, कामगार दिनाच्या सुटीवर सही केलेली असली की झाले. सप्टेंबरातला पहिला सोमवार, मौज करा!

कायद्याचे म्हणाल तर १८९०चा मक्तेदारीविरोधी कायदा फार उपयोगी. डिसेंबर १८९४मध्ये त्याच्याच आधारे शिकागोच्या न्यायालयाने युनियनचे नेते युजीन डेब्ज यांना सहा महिने कैद सुनावली. महिन्याभराने साखर ट्रस्टचा, म्हणजे साखर कंपन्यांच्या मक्तेदार गटाचा, खटला सर्वोच्च न्यायालयात निघाला. देशातली जवळजवळ सगळी साखर त्या ट्रस्टच्या हातात. पण कायदा व्यापारापुरता, आणि साखर शुद्ध करणे हे उत्पादन, व्यापार नव्हे, असे न्यायमूर्तींच्या लक्षात आले. चार हजार डॉलरांवरच्या उत्पन्नावर लावलेला दोन टक्के करही १८९५मध्येच घटनाबाह्य ठरला. तोही पाच विरुद्ध चार मतांनी. म्हणजे थोडक्यात वाचलो.

आता हिरवळीचे. ही मात्र हवीच. जेकब कॉक्सी नावाचा ओहायोतला एक खाणमालक (मुलाचे नाव त्याने ‘लीगल टेंडर’, म्हणजे कायदेशीर चलन ठेवले होते!) बेकारांना घेऊन पायी वॉशिंग्टनला निघाला. मागणी काय, तर ५० कोटी डॉलरांच्या नोटा छापा, रस्ते बांधा, हाताला काम द्या. १ मे १८९४ला तो संसदेच्या पायऱ्यांशी पोचला आणि भाषण सुरू होण्याआधीच पोलिसांनी त्याला हटवले. आरोप? हिरवळीवर चालला. वीस दिवस तुरुंग.

एवढ्यावर न भागता अर्जदार चिवट निघाला, तर सरळ नंतर यायला सांगा. कॉक्सी आला. १ मे १९४४ला, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, रीतसर परवानगी घेऊन त्याने त्याच पायऱ्यांवर आपले भाषण केले. त्या वेळी कोणी अडवले नाही.