फादर सबॅटिकलवर (लांब रजेवर) गेले म्हणजे त्यांना काढलं असं नाही हो

व्हॉट्सॲपवर एक मेसेज फिरतोय, की कॅथलिक फादरांना नियमाने सुट्टीच नसते, त्यामुळे कोणी सबॅटिकलवर गेलं की समजायचं बिशपनी घरी बसवलं. साफ चुकीचं आहे हे. 1983 च्या कॅनन लॉमधलं (कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं) कलम 533 बघा, धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) प्रमुख धर्मगुरूंना वर्षाला एक महिन्यापर्यंत सुट्टी घेता येते, सलग नाहीतर तुकड्यातुकड्याने, आणि वर्षातून एकदा रिट्रीटला (प्रार्थना-चिंतनासाठी एकांतात) जातात ते दिवस यात धरतच नाहीत. फक्त आठवड्याहून जास्त बाहेर राहायचं असेल तर बिशपना कळवावं लागतं, म्हणजे मागे मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), अंत्यविधी बघायला कोणीतरी फादर असतात.

सबॅटिकल ही याहून मोठी, काही महिन्यांची रजा, ती बिशपच्या परवानगीने मिळते, त्यात कोणी अभ्यास करतं कोणी नुसतं शांत राहतं. शिक्षेची कलमं वेगळी आहेत, उगाच मिसळू नका. सकाळी मिस्सा, मग आजाऱ्यांना कम्युनियन (पवित्र भाकर) द्यायला जाणं, दुपारी शाळेची मीटिंग आणि रात्री अकराला कुणाचे तरी वडील गेल्याचा फोन, अशी वर्षानुवर्षं काढल्यावर माणूस थकणारच ना! बायबलमधल्या मार्क 6:31 मधे येशू पण दमलेल्या शिष्यांना थोडा विसावा घ्या म्हणतोच की.